मिनिटाला तीस शब्द

नवीन पनवेलच्या संगणक वर्गात मी एक्सेल शिकत होतो, तेव्हा शेजारच्या खुर्चीवर उलव्याकडचे एक पन्नाशीचे गृहस्थ टायपिंग शिकत. माशातला काटा शोधावा तसं ते एका बोटाने अक्षर शोधत. शब्द संपला की तो खरंच उमटला का, हे मान वर करून पाहत. विमानतळावर सामानाच्या ट्रॉल्या ढकलायची नोकरी त्यांना हवी होती. विमानतळासाठी जमीन गेलेल्यांना प्राधान्य होतं. अट एकच, मिनिटाला तीस शब्दांचं प्रमाणपत्र.

"काका, दहाही बोटं वापरा. स्किल असेल तरच करिअर," निम्म्या वयाचे सर रोज बजावत.

"ट्रॉलीवर काय टाईप कराचा हाय, सर?"

"ते कंपनी सांगेल."

एकदा त्यांनी दोन्ही पंजे सरांपुढे धरले. "जमीन घेतली तवा बापाचा येक अंगठा पुरला. ट्रॉली ढकलाला माजी दहा बोटां लागतान."

वर्ग हसला. सर म्हणाले, "छान. हेच वाक्य वीस वेळा टाईप करा."

तीस शब्दांची अट कुणी घातली, हे वर्गात कुणालाच ठाऊक नव्हतं. मीही विचारलं नाही.

परीक्षेत त्यांचे अठ्ठावीस शब्द झाले. ट्रॉल्या ढकलण्यास ते अपात्र ठरले.