आम्हाला माज आलाय

आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. वडील पुण्यात एका छापखान्यात कामाला होते. शनिवारी घरी येताना वाकडी छापलेली, टाकून दिलेली पत्रकं पिशवीत घालून आणायचे. मी अक्षरं त्यांच्यावरच गिरवली. त्यामुळे मला पूर्णविरामाच्या आधी उद्गारचिन्ह कळलं, आणि हळू बोलणं काही जमलं नाही.

अशा घरात आईनं सरकारी योजनेतून पांढरी विलायती डुकरीण आणली, तेव्हा मी पेटले.

"आपल्या लोकांनी ढोरं ओढायचं सोडलं ते काय डुकरं राखायला?"

"ढोरं व्हती दुसऱ्याची," आई कोंडा कालवता कालवता म्हणाली. "ही माझी हाय."

मी सगळी पत्रकं पुन्हा चाळली आणि शेवटी कोंड्याची पाटी उचलून दिली.

योजनेची एक अट होती. वर्षाच्या आत डुकरीण व्याली नाही, तर ती परत घेऊन दुसऱ्या घराला द्यायची. विलायती नर आमच्या राहू गावात नव्हता, तो होता शेजारच्या खुटबाव गावी एका मामांकडे. दोनदा आम्ही वस्तीतल्या आबांच्या बैलगाडीतून डुकरीण तिकडे नेली. दोन्ही वेळा तो नर जवळ आला, हुंगला आणि उकिरड्याकडे तोंड करून झोपला. डुकरीण माजावर नव्हतीच. आम्ही अंदाजानं नेली होती. गाई-म्हशी हंबरून सांगतात. ही मात्र एकटी असल्यामुळे काही दाखवत नव्हती. आणि वर्ष सरायला पाचच महिने उरले होते, त्यातले चार तर गाभणपणातच जायचे.

जनावरांचे डॉक्टर सायकलवरून आले तेव्हा आईनं त्यांना गाठलं. "डाक्टर, हिच्या मनातलं कळायचं कसं?"

डॉक्टर म्हणाले, "दर एकवीस दिवसांनी माज येतो, दोन-तीन दिवस टिकतो. परदेशात आता नराचा आवाज टेप करून ऐकवतात आणि पाठीवर हातांनी दाबून बघतात. माजावर असेल तर ती दगडासारखी उभी राहते, कान टवकारते. नसेल तर चालायला लागते."

आई माझ्याकडे वळली. टेपरेकॉर्डर माझ्या ताब्यात होता. वस्तीतल्या युवक मंडळानं वर्गणी काढून तो घेतला होता. कॅसेट एकच, आणि तिच्यावर माझं आयुष्यातलं पहिलं टेप झालेलं भाषण.

त्या भाषणाला कारण होतं. पाणवठ्याच्या प्रश्नावर मी चावडीसमोर बोलले, तेव्हा गावातले एक बागायतदार, ज्यांना सगळे आप्पा म्हणतात, मोठ्यानं म्हणाले होते, "लई माज आलाय ह्यांना." पुढच्या सभेत मी त्या एका वाक्यावर वीस मिनिटं बोलले.

"चळवळीची कॅसेट आहे ती," मी म्हणाले.

"तिला दुसरी बाजू न्हाई का?" आईनं विचारलं.

होती. दुसऱ्या दिवशी रेकॉर्डर घेऊन मी खुटबावला गेले. नर तोंड उघडेना. मामांनी घमेल्यात पेंड वाजवून दाखवली, पण दिली नाही. मग तो असा काही घुरघुरला, किंचाळला, दात वाजवू लागला, की मी मनातल्या मनात त्याला आमच्या मंडळाचं सभासद करून घेतलं.

तेव्हापासून रोज सकाळी हा कार्यक्रम. मी कुडाआड रेकॉर्डर लावायचे, आई दोन्ही हातांनी पाठ दाबायची, आणि डुकरीण आईला ढकलून कोंड्याकडे चालू लागायची. वस्तीतली पोरं कुडावर रांगेनं बसायची. आबा तंबाखू मळत म्हणायचे, "आज बी न्हाई व्हय? अगं, नराला जरा लाडीगोडी शिकीव."

आठवडा गेला, दुसरा सरत आला. एका रात्री सभा होती, मी कॅसेट उलटी करून भाषण ऐकवलं होतं. सकाळी झोपेतच बटण दाबलं, आणि घुरघुरण्याऐवजी माझाच आवाज गोठ्यात घुमला:

"बंधूंनो आणि भगिनींनो! म्हणतात, आम्हाला माज आलाय! होय, आलाय!"

मी बटणाकडे झेपावले.

"थांब!" आई ओरडली. "बंद करू नगंस!"

डुकरीण उभी होती. चारी पाय रोवून, कान टवकारून. आई तिच्या पाठीवर सगळा भार टाकून पडली होती तरी ती हलेना. मी तिकडे अन्यायाच्या परंपरेवर बोलत होते आणि ती एकाग्र होऊन ऐकत होती.

आबांच्या हातातली तंबाखू सांडली. "पोरी, तुझ्या भाषणाला उठून न गेलेली ही पयलीच!"

खात्रीसाठी कॅसेट उलटली. नराचा आवाज लागला. डुकरीण तशीच उभी. मग आबा बैल जुंपायला धावले.

गाडी निघाली तेव्हा मागून अर्धी वस्ती. चावडीजवळ आप्पा उभे होते. "काय गं, कुणाची वरात?"

आई गाडीत उभी राहिली. एक हात डुकरिणीच्या पाठीवर. "आप्पा, तुम्ही म्हणत व्हता न्हाई का, माज आलाय म्हणून? आलाय बघा! आज सकाळीच आलाय!"

मग आप्पांच्या मिशा हलल्या, आणि ते इतके हसले की चावडीच्या पायरीवर बसावं लागलं. मला राग धरून ठेवायचा होता. पण मीही गाडीमागे धावता धावता हसत सुटले होते.

खुटबावचा नर या वेळी झोपला नाही.

तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे आईनं भिंतीवर कोळशानं रेघा ओढल्या होत्या. शेवटच्या रेघेच्या आदल्या दुपारी अकरा पिलं झाली. गुलाबी, ओली, एकमेकांना तुडवत दुधाकडे निघालेली.

अट पाळली का बघायला डॉक्टर वही घेऊन आले. अकरा पिलं मोजली, "आता हिला कोण नेतंय?" म्हणाले, आणि लिहायला बसले. एका रकान्यापाशी थांबले.

"माज कसा ओळखला, ते लिहायचंय."

"लिवा," आई एका पिलाला पदरानं पुसत म्हणाली, "पोरीच्या भाषणानं."

डॉक्टरांनी लिहिलं, 'टेपच्या साहाय्याने'. मी त्यांच्याशी तिथंच भांडले.