नळापाशी भरलेली सभा

सभेला बायका येत नाहीत, अशी तक्रार तुम्हीही करता का? मग डिलाईल रोडवरच्या आमच्या चाळीतल्या तळमजल्याच्या काकूंना भेटा. बारसं असो की जयंती, त्यांचा पहिला प्रश्न, "किती वाजता?" उत्तर दिलं की त्या अशा बघत राहतात, की आपल्यालाच ती वेळ चुकीची वाटू लागते.

चाळ पाडून टॉवर बांधायच्या करारावर सह्या होणार होत्या. कमिटीने संध्याकाळी सहाची सभा लावली. मी लिहून वाटलेलं पत्रक काकूंनी पूर्ण वाचलं. "झकास लिहिलंस रे मेल्या. पण सहाला पाणी येतं. हंडे काय कमिटी भरणार?"

कमिटीने वेळ बदलली नाही. काकूंनी पदर खोचला आणि सभेच्या खुर्च्याच नळापाशी आणून मांडल्या. बिल्डरचा माणूस बादल्यांच्या मधोमध उभा राहून बोलू लागला.

"मोठ्याने बोला, साहेब," हंडा पुढे सारत काकू म्हणाल्या. "आमचं घर कितव्या मजल्यावर, ते आधी सांगा."

तो कराराची पानं पुढे-मागे उलटू लागला. मग बाकीच्या बायकाही विचारू लागल्या. त्या दिवशी एकही सही झाली नाही.

तुमच्या पुढच्या सभेचं पत्रक छापण्याआधी घरोघरी पाणी कोण भरतं ते बघा, आणि वेळ त्यांनाच ठरवू द्या.