वरची एक ओळ

आमच्या ऑफिसात एकाच गोष्टीसाठी माझं नाव निघायचं, ती म्हणजे एड. कॉम्प्युटरवरचा मजकूर दुरुस्त करायचा हा एक जुनाट एडिटर. जुनाट म्हणजे इतका, की तो तुम्हाला फाईल दाखवतच नाही. काळा पडदा, त्यावर लुकलुकणारी एक रेघ, आणि तुम्ही हुकूम टाईप करायचा: एकशेअठरावी ओळ दाखव. तो तेवढी एकच ओळ दाखवतो. पुसून टाक म्हटलं की पुसतो आणि गप्प बसतो. चुकलात तर एक प्रश्नचिन्ह टाकतो. काय चुकलं, कुठं चुकलं, काही नाही, नुसतं प्रश्नचिन्ह. माझे सासरे तसेच होते, त्यामुळे मला सवय होती.

ऑफिस म्हणजे भोरमध्ये एका भांड्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. वेल्ह्याच्या डोंगरात एका ओढ्यावर पाण्याची पातळी मोजणारी आमची एक पेटी आहे. पाणी चढलं की ती खालच्या वाड्यावस्त्यांवरच्या माणसांना आपोआप फोन लावते. फोन कोणाकोणाला लावायचा ती यादी त्या पेटीतच एका फाईलमध्ये असते. एका ओळीवर एक माणूस आणि त्याचा नंबर, वरच्या वाडीपासून खालच्या वाडीपर्यंत, ओढा उतरतो त्याच क्रमाने. यादी सारखी बदलावी लागते. कोणी सिम बदलतो, कोणी लेकाकडे पुण्याला जातो, कोणी देवाघरी जातो. आणि त्या डोंगरात नेट इतकं मरतुकडं, की पडदाभर मजकूर दाखवणारा एडिटर उघडला तर अर्ध्यातच अडकून बसतो. एड तेवढा चालतो, कारण तो फारसं बोलतच नाही.

ही यादी अकरा पावसाळे माझ्या हातात होती. हुद्दा म्हणाल तर नाही, पगार सांगण्यासारखा नाही. यादी होती. जुलैत ढग उतरले की साहेब पुण्याहून मलाच फोन करत, आणि मी फोन कानाला लावून जरा मोठ्याने बोलत असे, म्हणजे खाली भांड्याच्या दुकानातही ऐकू जावं.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत ती आली. पासली गावची, भातशेतीवाल्या घरातली, डिप्लोमा केलेली, चोवीस-पंचवीस वर्षांची. साहेब मला म्हणाले, ‘हिला एड शिकवा. एकाच माणसावर काम अडून राहणं बरं नाही.’ हे वाक्य मला जे लागलं ते लागलंच. अकरा वर्षं काम एकाच माणसावर अडत होतं, म्हणून तर तो माणूस होता.

शिकवलं मी, पण हातचं राखून. मांजरीने वाघाला सगळं शिकवलं, झाडावर चढणं तेवढं मागे ठेवलं, म्हणून ती वाचली, ही गोष्ट मला लहानपणापासून पटलेली आहे. ओळ कशी दाखवायची, कशी पुसायची, कशी घालायची, घालून झाल्यावर नुसतं एक टिंब देऊन बाहेर कसं यायचं, हे सगळं सांगितलं. ‘टिंब विसरलीस तर तू पुढे जे हुकूम देशील तेही तो मजकूर समजून यादीत लिहून घेईल’, हेही सांगितलं. फाईल उघडल्याबरोबर आणि साठवताना एड एक आकडा टाकतो. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, ‘सर, ह्यो आकडा कशाचा?’

‘फाईलमध्ये अक्षरं किती त्याचा’, मी म्हटलं. ‘तो येतोच. त्याच्याकडे बघायचं नाही.’

एक गोष्ट मात्र मी गिळली. एडमध्ये बारावी ओळ पुसली की तेरावी बारावी होते, चौदावी तेरावी, आणि खालचे सगळे नंबर एकाने वर सरकतात. वरून खाली काम करत गेलात तर दुसऱ्या हुकमाला तुम्ही भलत्याच माणसाला पुसता. पहिल्या वर्षी मी हेच केलं होतं. पावसाआधीच्या चाचणीत एका वस्तीवर कोणाचाच फोन वाजला नाही, आणि साहेबांनी मला सगळ्यांसमोर सोलून काढलं. तेव्हा मला कळलं की काम खालून वर करायचं, शेवटच्या ओळीपासून सुरुवात. ही अक्कल मी मार खाऊन मिळवली होती. ती फुकट का वाटू? खाऊ दे तिलाही थोडा, असं मी मनात म्हटलं. आता लिहिताना लाज वाटते, तेव्हा नव्हती वाटत.

मार्चमध्ये तिला पहिल्यांदा पाच बदल एकदम करायला दिले, तेही खऱ्या यादीवर नाही, तिला काढून दिलेल्या नकलेवर. मी चहाचा कप घेऊन मागे उभा राहिलो, तमाशा बघायला. तिने वहीत पाच नंबर लिहिले, क्षणभर बघितलं, आणि सुरुवात केली ती सगळ्यात खालच्या ओळीपासून. मग त्याच्या वरची. मग त्याच्या वरची. एकदाही प्रश्नचिन्ह आलं नाही.

‘हे खालून करायचं तुला कोणी सांगितलं?’ माझा आवाज जरा चढलाच असावा.

‘सांगायला कशाला पायजे सर?’ ती म्हणाली. ‘लावणीला माघारीच सरतो की आमी. रोप लावायचं आन् मागं व्हायचं. फुडं गेलं तर आपलंच रोप आपल्या पायाखाली येतंय.’

 चहा गार झाला होता, तो प्यायलो. माझं लहानपण भोरच्या बाजारपेठेत गेलं. भाताची लावणी मी एसटीच्या खिडकीतून शंभर वेळा बघितली असेल. बायका ओळीने वाकलेल्या, चिखलात मागे मागे सरकताहेत. त्यांना मागेच का सरकावं लागतं, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. जे मला एक वर्ष घालवून आणि साहेबांच्या शिव्या खाऊन मिळालं, ते ही पोरगी घरून घेऊन आली होती.

तिथून माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते राहीना. ती यादी एकदाच पूर्ण छापून बघे, त्याला चारपाच मिनिटं लागत, आणि मग दिवसभर नंबर तोंडपाठ. मी अजून दर वेळी चष्मा लावून ओळ शोधत होतो. साहेबांचा फोन आला की पूर्वी ‘काय म्हणता?’ असं विचारत. आता विचारू लागले, ‘ती आहे का जागेवर?’ एप्रिलमध्ये तिने गावाकडून पळसाच्या पानांत बांधून करवंदं आणली आणि माझ्या घरीही पोचवली. बायको उंबऱ्यात बसून एकेक तोंडात टाकत तिचं कौतुक करत होती. मी म्हटलं, करवंदं आंबट आहेत.

‘करवंदं गोड हायती’, बायको म्हणाली. ‘आंबट दुसरंच काय तरी झालंय. तिच्या वयाची तुमची लेक असती तर पेढे वाटले असते तुमी.’

मला ते ऐकवेना. मी मळ्यात काम आहे असं सांगून उठलो. बायकोला माहीत आहे की मला मळा नाही.

मेअखेर साहेब येणार होते. त्या वर्षापासून यादी कोणाकडे राहील ते त्या दिवशी ठरणार होतं, आणि ठरवण्याआधी ते तिला समोर बसवून खऱ्या यादीत बदल करायला लावणार होते. तिच्या हातून एक चूक झाली असती तर यादी माझ्याकडे राहिली असती. एक चूक मला पुरेशी होती.

त्या सकाळी मी तासभर आधी गेलो. डोंगरावरच्या पेटीला जोडून घेतलं, यादी उघडली आणि सगळ्यात वर एक ओळ घातली. ओळीत नुसती हॅशची खूण, बाकी काही नाही. त्या खुणेने सुरू होणारी ओळ पेटी वाचत नाही, सोडून देते, त्यामुळे कोणाचं काही बिघडणार नव्हतं. फक्त खालचे सगळे नंबर एकाने पुढे गेले. पुसायची नावं साहेबांनी मला आधीच फोनवर सांगितली होती, त्यातलं सगळ्यात खालचं एकशेअठरावं. तिने आदल्या संध्याकाळी पाठ केलेली एकशेअठरावी ओळ आता एकशेएकोणिसावी होती. एकशेअठरावर आता आले होते ओढ्याला लागून गोठा असलेले एक म्हातारे, दरवर्षी चाचणीचा फोन उचलून ‘व्हय व्हय, कळलं’ म्हणून ओरडणारे. ती त्यांना पुसेल, साहेब बघतील, आणि ते गेल्यावर मी त्यांना परत घालीन, असा माझा हिशोब.  मी यादी साठवली आणि बाहेर पडलो.

साहेब आले, खुर्ची ओढून तिच्या बाजूला बसले. मी मागे, नेहमीच्या जागी. साहेबांनी कागदावरून चार बदल वाचले, तिने ते वहीत उतरवले आणि प्रत्येकापुढे मनातलाच ओळीचा नंबर लिहिला. सगळ्यात खालचा एकशेअठरा. मग तिने यादी उघडली. एडने नेहमीसारखा आकडा टाकला.

ती थांबली.

पडद्यावर बाकी काहीच नव्हतं, तो एक आकडा. चार हजार दोनशे चौदा. तिने वहीचं मागचं पान उलटलं. तिथे तारखांपुढे आकडे लिहिलेले होते, रोज संध्याकाळी यादी उघडताना एडने टाकलेला तो आकडा, फेब्रुवारीपासूनचे सगळे. शेवटचा होता चार हजार दोनशे बारा. माझी एक खूण आणि ओळ संपल्याचं एक अक्षर, दोन. अकरा वर्षं तो आकडा माझ्या डोळ्यांसमोरून गेला आणि मी तो एकदाही वाचला नव्हता. वर तिलाही बघू नको म्हणून सांगितलं होतं.

तिने पहिली ओळ बघायला एकचा आकडा दाबून एंटर केलं. पडद्यावर माझी हॅशची खूण आली. तिने मागे वळून पाहिलं नाही. पेन उचललं, वहीतल्या चारही नंबरांत एकेक मिळवला, आणि एकशेएकोणीस टाईप केलं. बरोबर तेच नाव आलं. ते पुसलं. मग वरचं, मग त्याच्या वरचं, मागे मागे सरत. साठवलं, आलेला आकडा वहीत लिहिला.

‘झालं?’ साहेबांनी विचारलं.

‘झालं सर.’

‘मध्ये काय बघत होतीस?’

‘काय न्हाई सर. नंबर जुळवून घेतलं.’

साहेब खूश झाले. यंदापासून यादी तिच्याकडे, असं तिथेच सांगून टाकलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, ‘तुम्ही आहातच वरून लक्ष ठेवायला.’ वरून लक्ष ठेवणं म्हणजे काय, ते नोकरी केलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

साहेबांची गाडी गेली. मी जिना उतरत होतो, ती मागून आली. दुकानात कोणी पितळेचं पातेलं वाजवून बघत होतं, ते थांबेपर्यंत ती बोलली नाही.

‘सर, यादीत सगळ्यात वर येक ओळ वाढलीया. काल सांजच्याला न्हवती.’

 ‘हो, माझीच आहे ती’, मी म्हटलं. ‘खूण म्हणून घातली होती.’

‘मला वाटलंच तुमची आसंल. म्हणून ऱ्हाऊ दिली.’ ती एक पायरी उतरून माझ्या बरोबरीने आली. ‘साहेबांच्या म्होरं कशाला काढायची?’

एवढं बोलून ती गेली. नजरेत राग नव्हता. राग असता तर मी भांडलो असतो, आवाज चढवला असता, काहीतरी केलं असतं. मी कठड्याला धरून उभा राहिलो. त्या दिवशी माझं पोट दुखायचं थांबलं असं म्हणायला मला आवडलं असतं. उलट ते आणखी दुखलं. यादीपुरता जळत होतो तोवर ठीक होतं. आता तिच्या मनाच्या मोठेपणावरही जळायला लागलो, आणि त्याला तर औषधच नाही.

ती आता तिची कामं करते, मी माझी. चहा एकत्र घेतो. करवंदं यंदाही आली, गोड होती, तसं मी बायकोला सांगितलं. त्या सकाळबद्दल आम्ही दोघं कधी बोललो नाही.

फाईल उघडायची मला अजून मुभा आहे. कधीकधी ऑफिसात कोणी नसलं की मी ती उघडतो, एक दाबतो, आणि ती खूण येते. तिने ती काढलेली नाही. मला काढायची आहे. एकाच हुकमाचं काम, सगळ्यात वरची ओळ, खाली काही बघायलाही नको. पण काढली तर आकडा दोनने उतरेल, आणि तो संध्याकाळी तिच्या वहीत लिहिला जाईल.