जसासियाच्या खडकावरचे चिंचोके

बोटीवरून कतार दिसलं ते असं: पाणी, मग एक पिवळट रेघ, मग काहीच नाही. बोट खोल पाण्यात थांबली आणि आम्हाला पोत्यांसारखं लाँचमध्ये उतरवलं. शेजारच्याला मी विचारलं, "हाच का तो देश?" तो म्हणाला, "चाचा, जरा पुढे आहे." पुढेही तेच निघालं. माड नाही, डोंगर नाही, सावली म्हणाल तर भिंतीची तेवढी. दुकानांत मात्र तेव्हा आपलाच रुपया चालायचा, त्यामुळे खिशाला परदेश काही कळला नाही.

माझा मुलगा इक्बाल तिथं तेल कंपनीत क्लार्क. त्याची आई, माझी सकीना, वारली तेव्हा त्याला घोर लागला की म्हातारा एकटा घरात बसून काय करील. मी काय करत होतो? चिंचोके खेळत होतो. आमच्याकडे फणसाच्या लाकडाचा पाट आहे, त्यात दोन ओळींत खळगी. एका खळग्यातले चिंचोके उचलायचे, पुढे एकेक पेरत जायचं आणि समोरच्याचे मारायचे. जेवणानंतर आम्ही दोघं रोज खेळायचो. सकीना हरायला लागली की तिला खोकला यायचा. पदर तोंडाशी जायचा आणि खाली येताना एक जास्तीचा चिंचोका तिच्या खळग्यात पडायचा. मला दिसायचं. पण बोललो असतो तर तिने खेळ मोडला असता. खेळ झाला की ती सगळे चिंचोके धुऊन, पुसून ठेवायची. बाई भलती स्वच्छ. ती गेल्यावर मी दोन्ही बाजूंनी एकटाच खेळायला लागलो. पाट बोटीत आणणं जमलं नाही, पण तिच्या चिंचोक्यांचा बटवा कमरेला बांधूनच आलो. तो मी झोपतानाही सोडत नसे.

पहिल्या शुक्रवारी इक्बालने मला दोह्याच्या दक्षिणेला वाळूचे डोंगर दाखवायला नेलं. "बावा, ही वाळू गाते."

"वाळू?"

"वरून घसरत या, मग ऐका."

या वयात मी लुंगी सावरून वर चढलो आणि बसल्या बसल्या खाली घसरलो. आणि खरंच, बुडाखालून जाड आवाज आला. घूंऽऽ.

"ऐकलं ना? गाते की नाही?"

"गाते कसली, घोरते. तुझी आई घोरायची तशी."

इक्बाल हसला नाही. मी मात्र पुन्हा चढलो आणि पुन्हा घसरलो. लुंगीतली वाळू नंतर बरेच दिवस अंथरुणात निघत होती.

मग एकदा ओळखीच्याची जीप मागून तो मला उत्तरेला घेऊन गेला. रस्ता म्हणजे आधी गेलेल्या गाडीच्या चाकांच्या खुणा. अल खोर नावाचं कोळ्यांचं गाव लागलं. त्याच्या पुढे खाडीत बघतो तर तिवरं! आपल्या खाडीतली असतात तशीच, चिखलात पाय रोवून उभी. इतक्या दिवसांनी हिरवं दिसलं, तर मी एक पान तोडून चावलं. खारट. मन भरलं. गावात भाजलेला हामूर (आपल्या गोबऱ्याच्या जातीचा मासा) मिळाला. मासा ताजा, पण कोकम नाही, खोबरं नाही. मासा बिचारा उघडाबोडका वाटला.

तिथून झुबारा. इक्बाल वाटभर ऐतिहासिक, ऐतिहासिक करत होता. किल्ला आला. चौकोनी, कोपऱ्यांत बुरूज, दारात दोन शिपाई पत्ते खेळत बसलेले. इक्बालने त्यांना अरबीत विचारलं आणि मला सांगितलं की किल्ला बांधून पंचवीस-तीस वर्षं झाली.

"म्हणजे माझ्या लग्नानंतरचा," मी म्हटलं. "मग याने मला बघायला यायला हवं होतं."

"बावा, गाव जुनं आहे. मोत्यांच्या व्यापाराचं मोठं शहर होतं. ते वाळूखाली गेलंय."

"वाळूखालचं मला दिसत नाही. दिसतंय त्याचं बोल."

शिपाई मात्र भले. त्यांनी चहा पाजला आणि परतताना जसासियाचे खडक बघा म्हणून सांगितलं.

त्यासाठी बरंच फिरून पूर्वेच्या किनाऱ्याकडे जावं लागलं. बुटक्या खडकांची रांग होती. वर चढलो तर दगडावर जुन्या लोकांनी होड्या कोरलेल्या. वरून बघितल्यासारख्या, दोन्ही बाजूंनी वल्ही, जणू विंचूच पसरलेत. इक्बाल त्यांचे फोटो काढत राहिला. मी दोन पावलं पुढे गेलो आणि मटकन खाली बसलो. खडकात दोन ओळींत खळगी होती. वाटोळी, गुळगुळीत. आमचा पाटच!

मी बटवा सोडला आणि चिंचोके मांडायला लागलो. तेवढ्यात समोर सावली पडली. शेळ्या राखणारा एक म्हातारा, माझ्याच वयाचा, तोंडात मोजून चार दात. काही न विचारता तो समोर बसला. त्याने आपल्या बाजूच्या खळग्यांत खिशातल्या काळ्या गोळ्या मांडल्या आणि म्हणाला, "यल्ला" (चल).

खेळ तोच होता, एखादा नियम इकडेतिकडे. म्हातारा तरबेज. पहिल्या झपाट्यात त्याने माझे मूठभर चिंचोके मारले आणि सरळ स्वतःच्या खिशात घातले.

"अरे! खिशात काय?"

इक्बालने विचारून सांगितलं, "बावा, यांच्यात जो मारील त्याचेच होतात."

मी उरलेल्या चिंचोक्यांवर पंजा ठेवला.

"जाऊ द्या ना," इक्बाल म्हणाला. "आपल्या परड्यात चिंचेचं झाड आहे. पोतंभर चिंचोके मिळतील."

"गप बस. ते तुझ्या आईने धुतलेले आहेत."

मी खेळत राहिलो आणि हरत राहिलो. खळगी रिकामी होत चालली. शेवटी मला खोकला आला. पदर नव्हता, म्हणून खांद्यावरचा पंचा तोंडाशी नेला आणि खाली आणताना एक चिंचोका हळूच खळग्यात सोडला.

म्हाताऱ्याने माझं मनगट धरलं. मग चारही दात दाखवत हसला आणि काहीतरी बोलला.

"विचारतोय, ही लबाडी कुणी शिकवली?"

"बायकोने म्हणून सांग."

"म्हणतो, तिला घेऊन ये. तिच्याशी खेळायचंय."

इक्बाल खाली बघायला लागला. मग हळू आवाजात त्याने सांगितलं. तशी म्हाताऱ्याने खिसा उलटा करून सगळे चिंचोके माझ्यापुढे ओतले. त्यातला एक उचलून परत खिशात टाकला, त्याच्या बदल्यात आपली एक काळी गोळी माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाला, "खलास" (संपलं, मिटलं).

जीपमध्ये मी ती गोळी उजेडात धरली. "कसलं बी रे हे?"

इक्बाल पहिल्यांदाच हसला. "बी कसलं, बावा? शेळीची लेंडी आहे. वाळलेली."

तो राहा म्हणत होता, पण मी परत आलो. गावात लोक विचारतात, कतारला काय बघितलंस? मी घोरणारी वाळू सांगतो, माझ्यापेक्षा तरुण किल्ला सांगतो. जेवण झालं की पाट मांडतो आणि दोन्ही बाजूंनी खेळतो. एक चिंचोका कमी पडतो, तिथं ती लेंडी चालवतो, आणि मुद्दाम सकीनाच्या बाजूला ठेवतो. सकीनाला चिखलाचा पाय उंबऱ्यात चालत नसे. बघतो, उठून भांडायला येते का.