पटाशीला कुंकू

लाकडाच्या ताज्या भुशाचा वास आला की ब्रिस्टलची ती कार्यशाळा आठवते आणि अजूनही माझा जळफळाट होतो. हवाई बेटांवरून आलेला एक कारागीर तिथे लाकडात मूर्ती कोरायला शिकवत होता. आधी त्याने हत्यारं मांडून डोळे मिटून मंत्र म्हटला, तर इथेच जन्मलेली माझी लेक चक्क हात जोडून उभी! मी पिढीजात सुतार, पण दसऱ्याला माझ्या पटाशीला कुंकू लाव म्हटलं की हीच म्हणायची, "बाबा, इट्स जस्ट अ टूल!" हॅरोला घरी परतताना ट्रेनमध्ये ती म्हणाली, "बाबा, सो ब्युटिफुल ना? आपल्याकडे का नाही असं काही?" यंदाच्या दसऱ्यालाही पटाशीला कुंकू मीच लावलं, जरा जास्तच.