कर्जतच्या वर्गातली सहा मशिनं

आमच्या टायपिंगच्या वर्गातली जुनी माणसं लग्नाकार्यात भेटली, की पंगत बसेपर्यंत विषय त्या सहा मशिनांवर जातोच. एक जण सुरू करतो, दुसरा "तसं नव्हतं ते" म्हणतो आणि किस्सा मागच्या वेळेपेक्षा थोडा मोठा होऊन घरी जातो. मी त्या वर्गाची बाई होते, म्हणून माझं जरा जास्त खरं धरावं.

सत्तर सालानंतरची दोन-तीन वर्षं. पाऊस नव्हता. कर्जत तालुक्यातली मॅट्रिक झालेली पोरं-पोरी नुसती बसून होती. आमच्या हेडसरांनी ठरवलं, शाळेत मराठी टायपिंगचा वर्ग काढायचा. सरकारी परीक्षा पास झाली की कुठंतरी कारकुनी मिळेल. टाईपरायटर घ्यायचे होते सहा आणि शिकणारे होते तीस. म्हणजे एकेका मशीनवर दिवसभरात पाच जणांचे हात पडणार.

*

नगरच्या दुकानात हेडसर, मी आणि बबन असे तिघं गेलो. बबन लोहाराचा, त्या शिकणाऱ्या तिसांतलाच एक. वय वीस, घण मारून मारून बोटं खुंट्यांसारखी झालेली. त्याला कशाला घेतलंय ते हेडसरांनी सांगितलं नव्हतं.

दुकानदारानं नवंकोरं, हलकं, आकाशी रंगाचं मशीन पुढं केलं. मला तर रंगच आवडला. हेडसर म्हणाले, "बबन, तुझं नाव उमटव."

बबनला टायपिंगचं काहीच येत नव्हतं. त्यानं शोधून शोधून 'ब' दाबला, परत 'ब' दाबला. 'न' दाबल्यावर त्या अक्षराची दांडी वर गेली ती खाली आलीच नाही.

कोपऱ्यात यासीनभाई नावाचे मेकॅनिक तेल घालत बसले होते, ते उठले आणि कचेऱ्यांतून निघालेल्या जुन्या काळ्या मशिनांकडे आम्हाला घेऊन गेले. म्हणाले, "बाई, ते आकाशी एका साहेबासाठी. तुमच्याकडं तीस साहेब. ही काळी घ्या. ही पडली तर आधी फरशी बघावी लागते."

बबननं सहाही मशिनांवर तीन-तीनदा नाव उमटवलं. नव्या तीन मशिनांच्या किमतीत जुनी सहा बसली. हेडसरांनी सकाळपासून पहिल्यांदा चहा मागवला.

*

पाच मशिनं पोत्यांत बांधून एसटीच्या टपावर चढवली. सहाव्याला पोतं उरलं नाही, म्हणून ते मी मांडीवर घेतलं. मिरजगावपर्यंत तरी पायांत जीव राहील की नाही, याची मला शंकाच होती.

शेजारी एक म्हातारी होती. दहा मिनिटं तिनं माझी तगमग पाहिली, मग न विचारता मशीन उचललं आणि आपल्या मांडीवर घेतलं. गाडी खड्ड्यात आदळली की मशीनची घंटी वाजायची, आणि म्हातारी त्याच्यावर हात ठेवायची. हे काय आहे, हे तिनं विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

मिरजगावला उतरताना तिनं ते माझ्या हवाली केलं. "घ्या बाई. लई गुणाचं हाय. एवढी गाडी आदळली पर रडलं न्हाई."

*

आमच्याकडची धूळ म्हणजे दार लावलं तरी आत यायची. महिनाभरात ती अक्षरांच्या पोकळ्यांत जाऊन बसली. 'व'चं पोट भरून गेलं आणि तो 'ब' दिसायला लागला. कुणाच्या हे ध्यानात आलं नाही, कारण आम्ही सगळे बोटांकडं बघत होतो.

त्याच दिवसांत हेडसरांनी वर्गातल्याच मशीनवर टाईप करून वरच्या ऑफिसला एक अर्ज पाठवला. वर्गात उजेड कमी पडतो, शाळेत वीज नाही, तरी ती मिळावी, असा साधा मजकूर. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. हेडसरांनी ते स्टाफरूममध्ये सगळ्यांना वाचून दाखवलं: आपल्या शाळेत बीज नसल्याचे कळले. बियाण्यांचा विषय या कार्यालयाकडे येत नाही. तरी शेतकी खात्याकडे अर्ज करावा.

दर शनिवारी रॉकेल आणि जुना दातांचा ब्रश घेऊन अक्षरं घासायची, हा नियम त्या दिवशी झाला.

*

मग दुष्काळी कामं निघाली. तहसीलला हजेरीच्या याद्या टाईप करून हव्या होत्या आणि त्यांनी आमची मशिनंच मागितली. गेलेलं मशीन परत येत नाही, हे हेडसरांना पक्कं ठाऊक. त्यांनी कळवलं, मशिनं येणार नाहीत, याद्या इकडं पाठवा, आमची मुलं करून देतील.

त्या याद्या सुमननं केल्या. तिच्या घरची माणसं दरसाल कोयता घेऊन कोपरगावकडं ऊसतोडीला जायची. मॅट्रिकपर्यंत पोचलेली घरात ती एकटीच. हातानं लिहिलेल्या यादीत बायकांची नावं नव्हती. दगडूची बायको, नामाची बायको, असंच. सुमन खडी फोडायच्या कामावर गेली, एकेकीला नाव विचारून आली आणि तीच टाईप केली.

दुसऱ्या दिवशी हजेरीला कारकुनानं पुकारलं, "गयाबाई." कोणी उठेना. परत पुकारलं. तिसऱ्यांदा पुकारून गैरहजर मांडणार, म्हणजे तो दिवस बुडणार. याद्या पोचवायला आलेली सुमन पुढं सरकली, कारण गयाबाई म्हणजे तिचीच आई.

तेवढ्यात आईनं शेजारणीकडं पाहिलं आणि हळूच म्हणाली, "अगं, ती मीच हाय की!"

*

परीक्षा नगरला होती आणि मशीन ज्याचं त्यानं न्यायचं. सुमन पास झाली तर तहसीलमध्ये टायपिस्टची जागा मिळणार होती. नाही तर पुढच्या हंगामात पुन्हा कोयता.

शिक्षकांना आत मनाई होती. मी खिडकीशी उभी. सुपरवायझर करड्या मिशांचे आणि कडक. बोलायचं नाही, उठायचं नाही, एवढंच त्यांनी दोनदा सांगितलं.

पाचव्या मिनिटाला सुमनच्या मशीनमधून तड असा आवाज आला. कागदाचा रूळ ओढणारी दोरी तुटली होती. आता अक्षरं पुढं सरकेनात, एकावर एक पडायला लागली. सुमननं हात उचलले आणि खिडकीकडं, माझ्याकडं पाहिलं. मला काहीच करता येत नव्हतं.

मागच्या बाकावर बबन होता. तो उठला. सुपरवायझर म्हणाले, "खाली बस. तुझा वेळ जाईल."

"जाऊ द्या," बबन म्हणाला.

त्यानं भिंतीकडं तोंड केलं, सदऱ्याखाली हात घातला आणि कमरेचा काळा करदोडा काढला. तुटकी दोरी सोडवली, करदोडा तिच्या जागी ओवला, स्प्रिंगला चार पीळ दिले, गाठ मारली आणि रूळ एकदा इकडून तिकडं फिरवून पाहिला. घंटी वाजली. मग जाऊन आपल्या जागी बसला.

दोघंही पास झाले. बबनचे मार्क जेमतेम होते, पण पास म्हणजे पास. निकालाच्या कागदात सुपरवायझरांचा शेराही होता. हेडसरांनी तो आधी मनात वाचला, चष्मा पुसला आणि मग मोठ्यानं वाचला:

"परीक्षेदरम्यान यंत्र नादुरुस्त झाले. मागील बाकावरील उमेदवाराच्या करदोड्यावर ते उर्वरित वेळ सुरळीत चालले. नियमभंग आढळला नाही."