स्वखुशीने सोडलेला अंबाडा

"सोड तो अंबाडा," साहेब म्हणाला.

जळगावातल्या एका पोलीस ठाण्याचं आवार. भर सकाळ. पासपोर्टच्या चौकशीला आलेली माणसं बाकावर, मी खाली फरशीवर. मेहरूणमधल्या ज्या घरी मी पोळ्या लाटायचे, तिथल्या भाभींची सोन्याची चेन सापडत नव्हती. कामाला आम्ही तिघी होतो. साहेबाने घरी येऊन प्रत्येकीला गाव विचारलं. मी पिंपळनेरकडची म्हटल्यावर म्हणाला, "म्हणजे भिल्ल." झाला तपास. त्या दोघी घरी राहिल्या, मला गाडीत बसवलं.

"ह्या बाया केसांत लपवतात," तो बाकावरच्या लोकांना समजावून सांगत होता. महिला शिपाई शेजारी उभी होती. तिने मला हात लावला नाही, त्यानेही नाही. अंबाडा मीच सोडला. केस पुढे घेऊन झटक म्हणाला, झटकले. पिना फरशीवर पडल्या. बाकावरचा एक जण हसला. चार माणसांत केस मोकळे सोडायचे नाहीत, हे आईने मला लहानपणापासून शिकवलेलं.

चेन दुसऱ्या दिवशी भाभींच्या उशीच्या अभ्र्यात सापडली. त्यांचा निरोप आला, "झालं गेलं विसर, उद्यापासून ये." मी गेले नाही. साहेबाचा तर निरोपही आला नाही.

आई म्हणाली, "जाऊ दे बेटा. बठ्ठं त्यासनंच शे. आपलं कोन ऐकस?" सगळं त्यांचंच आहे, आपलं कुणी ऐकत नाही, हे तिने कधीचंच धरून ठेवलेलं.

आमच्या गल्लीत नाना राहतात, निवृत्त मास्तर. त्यांनी सांगितलं, दिल्लीला मानवी हक्कांचा आयोग आहे, वर्षाच्या आत तक्रार करावी लागते. मी बोलत गेले, ते लिहीत गेले. खरं सांगते, मला फार आशा वाटली. दिल्लीहून कुणी येईल, साहेबाला समोर बसवून विचारेल, असं वाटायचं. गल्लीत गाडी थांबली की मी हातातलं पीठ तसंच घेऊन दारात जायचे.

कुणी आलं नाही. आयोगाने पोलिसांकडूनच अहवाल मागवला. मोठ्या साहेबाकडून मधल्याकडे, मधल्याकडून धाकट्याकडे उतरत माझी तक्रार त्याच ठाण्यात येऊन पोचली. सासरी छळ होतो म्हणून पोरीने माहेरी कळवावं, आणि माहेरच्यांनी सासूलाच विचारावं, काय हो, तुम्ही छळता का. तसंच झालं हे.

मला बोलावणं आलं. समोर तोच साहेब. या वेळी खुर्ची दिली, चहा मागवला, ताई म्हणाला. माझा जबाब मी पोचायच्या आधीच टाइप होऊन तयार होता. त्याने वाचून दाखवला. तपासाला मदत म्हणून मी स्वखुशीने केस सोडून दाखवले. माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही.

"करा सही. तुमचीही कटकट मिटेल."

मी इतकी थकले होते की पेन हातात घेतलंसुद्धा. नव्या कामाच्या घरी पोळ्या खोळंबल्या होत्या. एक सही, की सगळं संपणार होतं. तेवढ्यात दारातून आवाराकडे नजर गेली. मी बसले होते त्याच फरशीवर आज दुसरी बाई बसली होती, मांडीवर पिशवी धरून. माझ्या खुर्चीकडे बघत होती.

मी पेन खाली ठेवलं. "मी स्वखुशीने नाही सोडले. तुम्ही सोड म्हणालात."

"मी हात लावला का तुम्हाला?"

"नाही. माझेच हात वापरलेत."

त्याने शिपायाला माझा कप उचलायला सांगितलं. चहा अर्धा राहिला होता.

अहवाल माझ्या सहीशिवाय गेला. तक्रारदार सहकार्य करत नाही, असं त्यात लिहिलं. आयोगाने त्याची प्रत मला पाठवली, तुमचं म्हणणं कळवा म्हणून. एवढं त्यांनी केलं, ते मी नाकारत नाही. पुढचं नानांनी सांगितलं. खोटा धीर देणं त्यांना जमत नाही.

"आयोग फक्त शिफारस करतो, बेटा. शिक्षा देत नाही. शिफारस मानायची की नाही, ते सरकार ठरवतं."

"मग एवढं सगळं कशाला, नाना?"

नानांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि कोरा कागद पुढे ओढला.

गाडीची वाट बघणं मी आता सोडून दिलंय. माझ्या वतीने दिल्लीहून कुणी भांडायला येणार नाही. साहेबाची बढतीही होईल कदाचित. कंटाळा आलाय मला, अगदी हाडापर्यंत. पण मी स्वखुशीने केलं हे खोटं आहे, आणि ते माझ्या तोंडी घातलेलं मी राहू देणार नाही. माझं म्हणणं मी कळवलंय. तेही फिरून त्याच ठाण्यात येईल, आणि मला पुन्हा बोलावतील. मी जाईन. खुर्ची दिली तर बसेन. चहा दिला तर या वेळी पूर्ण पिईन. सही करणार नाही.